हीटरला हात कोणी लावावा?

60 डिग्रीचा प्रोग्रॅम संपला, मशीनने पिपाणी वाजवली आणि दार उघडलं तर टॉवेल गार. आमच्याकडे दोन आठवडे हेच चाललं होतं. मशीन समोरून कपडे टाकायचं, 11 वर्षांचं. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि मागचा पत्रा न उघडताच म्हणाला, "बोर्ड गेलाय साहेब. नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." तो गेल्यावर प्लग काढला, पत्रा उघडला, हीटरच्या वायरी सुट्या केल्या आणि दोन टोकांना मल्टिमीटर लावला. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॅटच्या हीटरचा रोध 26 ओमच्या आसपास यायला हवा. मीटर ढिम्म. तार आतून तुटली होती, बोर्डावर नुसताच आळ.

मधला नट सैल करून बोल्ट आत ढकलला की रबरी सील सैल पडतं. मग डावीउजवीकडे हलवत हलवत हीटर बाहेर आला तो चुन्यात बुडवून वाळवलेल्या काठीसारखा. आजोळच्या तांब्याच्या बंबात असाच थर असायचा आणि तो खरवडणं हे सुट्टीतलं काम असायचं. आमच्या सोसायटीला वापरायचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. त्यात विरघळलेले बायकार्बोनेटचे क्षार पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन सगळ्यात गरम जागी, म्हणजे हीटरवरच बसतात. थर जाड झाला की आतली उष्णता पाण्यात उतरत नाही, तार स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस तुटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनचा हीटर म्हणजे उपभोग्य वस्तूच, चपलेच्या अंगठ्यासारखी. ती तुटली म्हणून कोणी पाय बदलत नाही.

तेव्हा 'घरीच करा' म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. पार्ट नव्या मशीनच्या किमतीपुढे किरकोळ, हत्यारं म्हणजे एक पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, आणि निदान स्वतः केलं की निदान फसवणूक तरी होत नाही. तापमान मोजणारा सेन्सरसुद्धा घरी तपासता येतो: कोमट पाण्यात धरला की त्याचा रोध उतरला पाहिजे. तो तसाच राहिला तर हीटर निर्दोष असूनही पाणी तापणार नाही.

पण आमची तार तुटली, हे आमचं नशीब. तुटलेली तार फक्त गार टॉवेल देते. हीटर दुसऱ्या तऱ्हेनेही बिघडतो आणि ती तऱ्हा वाईट. धातूच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला सुईएवढं भोक पडलं की ओल आत शिरते, आणि करंट पाण्यात आणि मशीनच्या अंगावर यायला लागतो. पाणी मात्र छान तापत असतं. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो ट्रिप होतो. तो सारखा पडतो म्हणून बायपास करून देणारे वायरमन मी पाहिलेत. त्यांच्या हातात मशीनच काय, इस्त्रीही देऊ नये. हा दोष साध्या मल्टिमीटरला बहुधा सापडत नाही, कारण तो सेलच्या चिमूटभर व्होल्टेजवर मोजतो. त्याला मेगर लागतो, 500 व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा. आणि तो घरोघरी फिरणाऱ्या मेकॅनिककडेही क्वचितच असतो.

मला तो सापडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. नवा हीटर मी बसवला (टबातल्या चिमट्यात तो नीट सरकला नाही तर ड्रमला घासतो, दोनदा काढावा लागला), पण प्लग लावायच्या आधी त्या दुकानदाराला घरी नेलं. हीटर चोख निघाला. मग त्याने सहज म्हणून भिंतीतलं 16 अँपिअरचं सॉकेट उघडलं. अर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती. 11 वर्षं.

घरी कशाला हात लावावा आणि कशाला नाही, ही रेघ युरोपीय संघाने मार्च 2021 पासून लागू केलेल्या नियमांत कायद्यानेच ओढली आहे. वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग कंपनीने किमान 10 वर्षं मिळू द्यायचे. पण दार, बिजागरी, सील, साबणाचा कप्पा हे भाग ग्राहकालाही, तर मोटार, पंप आणि हीटर फक्त व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्याला. मला ही रेघ पूर्ण पटत नाही. ग्राहकाला हीटर देणं कंपनीच्या मर्जीवर सोडून मशीन सुरक्षित होत नाही, ते भंगारात जातं. पण रेघ कुठेतरी हवी, हे मात्र त्या हिरव्या वायरीनंतर मान्य करावं लागलं. आपल्याकडे 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. त्यावर मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती असावी हे ठीकच. पण हीटर बदलल्यावर मेगर लावून आकडा बिलावर लिहावा, एवढं कंपन्यांवर बंधनकारक झालं तर जास्त उपयोग होईल.

माझं मत असं: पत्रा उघडून बघणं, मोजणं, क्षार काढणं प्रत्येकाने करावं, प्लग हातात धरून. हीटर बदलायचा तर ज्याला अर्थिंग म्हणजे काय हे माहीत आहे त्याने बदलावा, आणि मेगर लागल्याशिवाय मशीन चालू करू नये. आरसीसीबी पडत असेल, तर घरी काही करूच नये. 'गार पाण्यावर धुऊ, हीटर राहू दे' हा स्वस्त उपाय तार तुटली असेल तरच चालतो. करंट गळत असेल तर चालत नाही, कारण बऱ्याच मशीनमध्ये रिले एकच वायर तोडतो, दुसरी हीटरला जोडलेलीच राहते.

आता आम्ही महिन्याकाठी रिकाम्या मशीनमध्ये 100 ग्रॅम सायट्रिक अॅसिड टाकून गरम प्रोग्रॅम लावतो. त्या दिवशी ब्लीच जवळही आणायचं नाही, दोन्हींचा क्लोरीन वायू होतो. रोजचे कपडे गार पाण्यातच धुतो. 60 डिग्री लागते ती घरात कोणी आजारी पडलं तर चादरींना.