घाटाला रेसचे पॅड लावू नका

तोरंगणचा घाट उतरताना करपलेल्या लायनरचा वास ज्याच्या नाकात एकदा गेला, त्याला दणकट ब्रेक हवेसे वाटणारच. म्हणून जव्हार-मोखाड्याची तरुण पोरं हल्ली मोबाइलवर "रेसिंग पॅड" शोधतात. मागवण्याआधी माझं दोन मिनिटं ऐका.

रेसचा पॅड दणकट असतो, हा समज पहिल्यांदा सोडा. त्याचं काम वेगळं असतं, एवढंच. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी तुफान वेगातून पुन्हा पुन्हा आवळावी लागते आणि डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते. तिथले पॅड त्या तापासाठीच केलेले असतात. थंड असताना ते नीट पकडतच नाहीत. आधी फेरी मारून तापवावे लागतात. आता आपल्याकडचं बघा. जुलैची सकाळ, जव्हारात समोरचं दिसू नये असं धुकं, डिस्क ओलीगच्च, आणि गाव सोडल्यावर पहिल्याच वळणावर म्हशी आडव्या. पॅड तापवायचे कधी?

घाटातही ब्रेक तापतात, हे खरं. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटरवर आहे. विक्रमगडकडे जा नाहीतर कासा-चारोटीकडे, उतरावं लागतंच. एक टनाची गाडी 300 मीटर खाली येते तेव्हा निघणाऱ्या उष्णतेवर साधारण नऊ लिटर पाणी उकळेल. कळशीभर पाणी! न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवलात, तर यातला बहुतेक ताप पॅड, डिस्क आणि ड्रमच्या माथी. गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलनं डिझेल वाचतं म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

पॅड घ्यायचे ते गाडीच्या कंपनीनं सांगितलेले किंवा त्याच दर्जाचे. पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या कोडात बहुधा शेवटी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड पकडीचं, दुसरं गरम पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. रोजच्या गाडीला एफएफ पुरे. पहिलं अक्षर ई आणि दुसरं एफ असेल, तर सकाळच्या धुक्यात तो पॅड कसा वागेल ते ओळखा. डाव्या-उजव्या चाकाचे पॅड जोडीनंच बदला. जाडी 3 मिलिमीटरवर आली की वाट बघू नका. आणि लायनरची धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका. ती छातीत जाते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नवेकोरे पॅड टाकून मी निर्धास्त घाट उतरत होतो. अर्ध्यात पेडल नरम पडलं, मग जवळजवळ तळाला गेलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर, यांच्या जिवावर गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. पॅड ठणठणीत होते. ब्रेक ऑइल चार वर्षांचं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आपल्या भागात ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा 140 वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय नुसते बुडबुडे दाबत बसतो. गॅरेजवाल्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पॅडपेक्षा स्वस्त असलेलं हे ऑइल दर दोन वर्षांनी बदला. डबा बंद असलेलाच घ्या. अर्धा उघडा राहिलेला नको.

दाभोसा धबधब्याला दुचाकीवर येणाऱ्यांनाही हेच. मागचा ड्रम घासून गुळगुळीत झालेला असताना पुढे महागडा पॅड लावून काही साधत नाही.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला भाडं मारणाऱ्या जीपवाल्यांना हात जोडून सांगणं आहे: निघायच्या आदल्या दिवशी चाकं उघडून बघा, ऑइल बघा, आणि परतताना तोरंगण दुसऱ्या गिअरवरच उतरा.