श्रावकाचार : घरात आणलेला समुद्र

व्यापाऱ्याच्या घराला ओझे नवे नाही. हंगामात हळदीची आवक वाढली की रात्री उशिरापर्यंत वखारीत थांबावे लागते. मार्चअखेरीस हिशेब जुळवावे लागतात, घरातील वडीलधाऱ्यांची शुश्रूषा असते, मुलांच्या परीक्षा असतात. हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु अलीकडे हौशी घरांतून एक निराळे ओझे शिरले आहे, आणि ते दिवाणखान्यात निळ्या प्रकाशात चमकत असल्यामुळे ओझे म्हणून ओळखू येत नाही. काचेच्या पेटीत खारे पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, नारिंगी पट्ट्यांचे मासे, शंख आणि कोळंबीच्या जातीचे इवले जीव असा हा छोटा समुद्र असतो. पाहुणे कौतुक करतात, मुले तासन् तास पाहत बसतात. आणि ज्याने तो मांडला, तो घरातील कर्ता तरुण काही महिन्यांनी आतून थकलेला असतो. हे त्याला कोणाजवळ बोलताही येत नाही, कारण हौस त्याचीच असते.

हा थकवा आळसामुळे येत नाही. त्याचे कारण त्या पेटीच्या रचनेतच आहे. समुद्र अफाट असल्यामुळे त्याचे तापमान आणि क्षारता सावकाश बदलतात. पेटीतले पाणी थोडे, म्हणून ते पाहता पाहता बिघडते. २०० लिटर पाण्याची पेटी घ्या. लिटरमागे ३५ ग्रॅम या प्रमाणात तिच्यात ७ किलो मीठ असते. दिवसाला ४ लिटर पाणी वाफेने उडाले आणि पाच दिवस कोणी भर घातली नाही, तर पाणी १८० लिटर उरते. मीठ मात्र ७ किलोच राहते. क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. आपल्याला हा फरक किरकोळ वाटतो. प्रवाळाच्या जिवावर तो बेततो. शिवाय तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलत असतो, म्हणून ते मोजून पुन्हा पुरवावे लागते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीवाणू पेटीत स्थिरावण्यासच कित्येक आठवडे लागतात. ही एक रोजमेळ वही आहे, आणि तिचे पान एक दिवसही कोरे ठेवता येत नाही.

त्यात आपला प्रदेश समुद्राचा नव्हे. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, सातारा त्याहून उंच. मध्ये सह्याद्री उभा. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. आपल्याकडे मात्र समुद्र पिशवीतल्या मिठातून घडवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे शुद्ध पाणी आर.ओ. यंत्रातून काढताना बरेच पाणी वाया जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या जिल्ह्यात आपण राहतो. आपल्याच जत-आटपाडीकडे पाण्याची किंमत काय आहे, हे निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाणी थंड ठेवणारे यंत्र अखंड चालवावे लागते. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची. अशा दिवसांत माणसांनाच घर सोडावे लागते. पेटी उचलून नेता येत नाही.

मग या तरुणाचे मन कसे होते? तो पेढीवर बसलेला असतो आणि पंखा थांबला की त्याला पेटी आठवते. गिऱ्हाइकाशी बोलताना लक्ष फोनवरील तापमानाकडे जाते. शिखरजीची यात्रा ठरली तर आनंदाआधी प्रश्न उभा राहतो, की आठ दिवस पाणी कोण पाहील? एक प्रवाळ पांढरा पडला तर रात्री झोप लागत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तो आणखी एक उपकरण, आणखी एक औषध, आणखी एक जीव विकत आणतो. प्रिय वस्तूचा वियोग होईल या धास्तीत मन सतत घुटमळत राहणे, याला आपल्या शास्त्रात आर्तध्यानाचा एक प्रकार म्हटले आहे. परंतु याच्याही पुढची एक पायरी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. एखाद्या थकलेल्या रात्री त्याच्या मनात येते, की हे सगळे एकदाचे संपले तर बरे. ज्यांना आपण जिवापाड जपले, त्यांच्याच अंताची इच्छा मनाला चाटून जाते. ती कोणाला दिसत नाही. पण भावहिंसा म्हणतात ती हीच.

म्हणून हा प्रश्न केवळ छंदाचा आणि वेळेच्या नियोजनाचा नाही. तत्त्वार्थसूत्र हिंसेचा विचार करताना नुसत्या प्राणहानीवर थांबत नाही. तिच्यामागे असलेल्या प्रमादाकडे बोट दाखविते. शक्तीबाहेर पत्करलेले काम माणसाला थकविते, थकलेला माणूस बेसावध होतो आणि बेसावधपणातून जीव जातात. मापन चुकते, झडप उघडी राहते, चारा देणे विसरते. मनात दया कितीही असली तरी अंगात त्राण नसेल तर ती दया त्या जिवांपर्यंत पोहोचत नाही.

पाठशाळेत ज्यांनी शांतिसूरींचे जीवविचार प्रकरण अभ्यासले आहे, त्यांनी ही पेटी एकदा त्या दृष्टीने पाहावी. त्यात विद्रुमाची, म्हणजे प्रवाळाची, गणना पृथ्वीकायिक जिवांत केली आहे. आजचे प्राणिशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. दोन्ही वर्गीकरणे वेगळी असली, तरी तो निर्जीव दगड नव्हे एवढे दोन्हीकडून निश्चित आहे. सचित्त पाणी हे अप्काय, शंख द्वींद्रिय, मासे तर पंचेंद्रिय तिर्यंच. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची सारी उतरंड या चार काचांत मांडलेली असते. आणि त्यांपैकी अनेकांचा आहार काय? आर्टेमियाची पिले, मायसिस नावाचे कोळंबीसारखे जीव. काही जण आर्टेमियाची अंडी घरीच उबवितात आणि ती पिले जिवंतच पेटीत सोडतात. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराच्या शीतकपाटात गोठविलेल्या जिवांची पाकिटे ठेवताना घरातील मातोश्रींना काय वाटत असेल, याचा विचार छंदाच्या आरंभी क्वचितच होतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवितो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील बंधाविषयी आपल्या आचार्यांनी बारकाईने सांगितले आहे. गृहस्थाला जनावर बांधावे लागलेच तर दावे सैल असावे. आग लागली तर त्याला सुटता यावे. महापुरात आपल्या खेड्यांतील शेतकरी गोठ्यातील दावी सोडतो आणि गुरे उंचावर नेतो. काचेच्या पेटीला असे सैल दावे नाही. तिच्यातून सुटण्याची वाट त्या जिवाला नाही आणि त्याला बाहेर काढले तर जगण्याचीही नाही. हा बंध किती पक्का आहे, हे ध्यानात घेऊनच पुढचा विचार करावा लागतो. अतिभारारोपण हा अतिचार मुक्या जनावरावर लादलेल्या भाराविषयी सांगितला आहे. पण गृहस्थ स्वतःवर शक्तीबाहेर भार घेतो, तेव्हा त्याचे फळ त्याच्या आश्रितांनाच भोगावे लागते.

हे जीव येतात कोठून, हेही पाहिले पाहिजे. घरोघरी समुद्र मांडण्याची हौस जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला आणि इंग्लंडात या छंदाची लाट उसळली. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात त्या लाटेचा परिणाम खेदाने नोंदविला आहे : वडिलांनी प्रेमाने वर्णिलेली किनाऱ्यावरील खडकांतली डबकी संग्राहकांनी ओरबाडून उजाड केली. ज्या ग्रंथकाराने लोकांना प्रेम करावयास शिकविले, त्याच्याच वाचकांनी हे केले. आज भारतात प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून आहे. आपल्या समुद्रातून तो काढणे हा गुन्हा आहे, आणि परदेशी प्रवाळाच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. दुकानदार ‘सगळे चालते’ म्हणतो, तेव्हा कागद मागण्याची सवय आपल्याला धंद्याने लावलेली आहे; ती येथे विसरू नये.

मग ज्याच्या घरी पेटी आहे आणि जो आता थकला आहे, त्याने काय करावे? येथे आपल्याच पूर्वजांच्या एका संस्थेकडून शिकता येते. मुंबईत १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून मोठा असंतोष उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ उभी राहिली. जीवदया हा एकट्याने वाहण्याचा भार नव्हे, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. अनेक पांजरपोळांचा खर्च व्यापाऱ्यांनी मालावर आपणहून बसविलेल्या लागेतून चाले. तेथे विश्वस्त असत, नोकर असत, हिशेब असे. एक माणूस आजारी पडला म्हणून गुरे उपाशी राहत नसत.

पेटीच्या बाबतीतही हाच क्रम धरावा. पहिली गोष्ट, आजपासून नवा जीव आणणे बंद करण्याचा नियम घ्यावा. मेलेल्याच्या जागी दुसरा आणावयाचा नाही, एवढ्यानेच ओझे हळूहळू उतरू लागते. दुसरी, घरात स्पष्ट बोलावे. ‘मला हे झेपत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही; पेढीवर भांडवल कमी पडले तर आपण भावाला सांगतोच. तिसरी, रोजची कामे एका कागदावर लिहून पेटीजवळ लावावीत आणि घरातील आणखी एकाला ती शिकवावीत : पाण्याची भर किती, चारा किती, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कोठे आहे. चौथी, तरीही झेपत नसेल तर, कागदपत्रे नीट पाहून, हे जीव अनुभवी आणि सक्षम माणसाच्या हाती सोपवावेत. विकून किती मिळेल हे पाहू नये. जीव तेथे जगेल का, एवढेच पाहावे.

एक गोष्ट मात्र करू नये. दयेच्या भरात हे मासे कृष्णेत, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत. खाऱ्या पाण्यातील मासा गोड्या पाण्यात तगत नाही. ते अभयदान नव्हे. गोड्या पाण्यातील परदेशी मासे सोडले तर ते जगून वाढतात आणि मूळच्या माशांच्या तोंडचा घास घेतात. पर्युषणात जीव सोडविण्याची आपली परंपरा आहे. ज्याला सोडवावयाचे, तो पुढे कोठे आणि कसा जगेल याचा विचार हा त्या परंपरेचाच भाग आहे.

आणि ज्यांच्या घरी अद्याप पेटी आलेली नाही, पण मुलांचा हट्ट सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी परिग्रहपरिमाण व्रत आहेच. परिमाण वस्तू आणण्याच्या आधी ठरवावयाचे असते. आणल्यानंतर ठरविणे फार कठीण जाते. मुलांना समुद्र दाखवावयाचाच असेल तर मालवण आपल्यापासून दूर नाही. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या समोर, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पठारावर प्रवाळ आपल्या जागी वाढतो आहे. त्याला मीठ मोजून घालावे लागत नाही, वीज गेल्याची धास्ती नाही. मुलांना नकाशावर ते ठिकाण दाखवावे आणि हेही सांगावे, की जी गोष्ट सुंदर वाटते ती घरी असलीच पाहिजे असे नाही.

येत्या पर्युषणात क्षमापनेच्या वेळी आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागू. ज्यांच्या दिवाणखान्यात निळा दिवा जळत असेल, त्यांनी त्या दिवशी पेटीसमोर थोडा वेळ बसावे आणि दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : यांतील किती जिवांची काळजी मी पुढील वर्षभर, न थकता, न चुकता घेऊ शकतो? आणि उरलेल्यांसाठी मी या महिन्यात काय व्यवस्था करणार आहे? पुढील वर्षाचा नियम त्या आकड्यावरून घ्यावा.