व्होल्टेज कुठं पडतंय?

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मागे लागला तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! 'व्होल्टेज'ला मराठीत 'विभवांतर' म्हणतात हे मला फर्स्ट इयरला, मराठी मीडियमच्या रूममेटकडून कळलं. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण विषय मात्र मराठीतच सुचला, कारण ज्या वाक्याने माझा कॉम्प्युटर वाचला (आणि कदाचित मीही!) ते वाक्य इचलकरंजीच्या मराठीत होतं.

झालं असं. पास आऊट होणाऱ्या एका सीनियरकडून मी सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. २०१८ साली आलेला रायझन ५ २६०० प्रोसेसर, २०१७ चं आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला '५००' लिहिलेला एसएमपीएस. मिनी प्रोजेक्टसाठी हीट ट्रान्सफरचं सिम्युलेशन चालवायचं होतं, म्हणून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. ३.७ गिगाहर्ट्झवरून ४.०, आणि त्यासाठी प्रोसेसरचं व्होल्टेज १.२० वरून १.३५. खरं सांगायचं तर सिम्युलेशन हे निमित्त. तिसऱ्या मजल्यावर "तिचं मशीन चारवर चालतं" असं बोललं गेलं, त्यातच जास्त मजा होती.

मग रात्री दीड-दोनला मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. एकदा नाही, रोज. सहा-सहा तासांची रन वाया. एकदा तर फाइलच करप्ट झाली आणि ग्रुपमधल्या तिघींनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. सबमिशनला नऊ दिवस उरलेले! मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर १२ व्होल्टच्या लाइनवर लोडला ११.२ दिसत होते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये १२ व्होल्टची लाइन ५ टक्के वरखाली चालते, म्हणजे ११.४० ते १२.६०. मी हद्दीच्या बाहेर होते.

इथे प्रत्येक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी जे करेल तेच मी केलं. कमी आहे ना? मग वाढवा! जुन्या ओव्हरक्लॉकर मंडळींची एक युक्ती ऐकलेली होती: एसएमपीएस उघडायचा, फीडबॅकच्या सर्किटमध्ये एक रेझिस्टर सोल्डर करायचा, की सप्लायला वाटतं आपण कमी देतोय आणि तो जास्त द्यायला लागतो. प्लग काढला, चार स्क्रू काढले, सोल्डरिंग गन गरम केली. आणि नऊ वाजता पप्पांचा रोजचा फोन आला.

माझ्या पप्पांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी जळाल्या की त्यांच्याकडे येतात. शाळेत असताना 'फादर्स ऑक्युपेशन'च्या रकान्यात मी 'बिझनेस' लिहायचे. इतकंच सांगते.

"जेवलीस का? काय चाललंय?"

मी सांगितलं. पप्पांनी विचारलं, "त्यात कॅपॅसिटर केवढे हायत?"

"दोन आहेत मोठे. दोनशे व्होल्टचे."

"झाकण लाव आधी. हात घालू नको आत."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे बघ बाळा, व्होल्टेज पडतंय म्हंजे कुणीतरी जास्ती ओढतंय, नाहीतर वाट अरुंद हाय. कुठं पडतंय ते आधी हुडक. मग वाढवायचं बघू."

मित्रांनो, हा ओहमचा नियम आहे. आपण तो शाळेपासून शिकतोय, त्यावर मार्क मिळवतोय, आणि गरज पडली तेव्हा मला तो आठवला नाही. हॉस्टेलमध्ये सकाळी सात वाजता खालच्या मजल्यावरचे सगळे नळ सुरू झाले की तिसऱ्या मजल्यावरची धार बारीक होते. तेव्हा टाकी अजून उंच बांधा असं कोणी म्हणत नाही. पाणी कुठे जातंय आणि पाइप कुठे गंजलाय हेच आधी बघतात.

दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट काकांच्या हातापाया पडून मल्टिमीटर आणला. सॉफ्टवेअरचा आकडा मदरबोर्डवरची एक चिप मोजते आणि तो चुकू शकतो, म्हणून खरं काय ते मीटरवर बघायचं. रेंज २० व्होल्ट डीसी, काळी प्रोब काळ्या वायरीवर, लाल प्रोब पिवळ्या वायरीवर. (लाल प्रोब चुकून अँपिअरच्या भोकात राहिली तर थेट शॉर्ट होतो. एकदा नाही, दोनदा बघा.) फुल लोडला वापरात नसलेल्या मोकळ्या कनेक्टरवर आले ११.५२. म्हणजे सप्लाय दमलेला, पण हद्दीत. ग्राफिक्स कार्डच्या कनेक्टरवर आले ११.१९!

अधले ०.३३ व्होल्ट कुठे गेले? सप्लायला कार्डासाठीचा सहा पिनचा कनेक्टरच नव्हता. सीनियरने हार्ड डिस्कच्या कनेक्टरवरून एक अ‍ॅडॉप्टर लावलेला, आणि त्याचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनजवळ तपकिरी झालं होतं. सहा पिनमधून ७५ वॉट घेतले तर सव्वासहा अँपिअर होतात. ढिल्या जोडात ०.०५ ओहम रेझिस्टन्स धरला तरी तीन दशांश व्होल्ट तिथेच पडतात आणि जवळपास दोन वॉटची उष्णता त्या एवढ्याशा पिनेत तयार होते. रोज रात्री, माझ्या उशीपासून तीन फुटांवर.

आता एसएमपीएसचं लेबल वाचलं. नाव ५००, पण १२ व्होल्टपुढे लिहिलेलं २० अँपिअर. गुणाकार करा: २४० वॉट. कार्ड १५० चं, ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर अंदाजे ११५, वर डिस्क आणि पंखे. माझी मागणी २८० च्या आसपास! शिवाय मदरबोर्डवर १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करणारं सर्किट प्रोसेसरला लागेल तेवढी पॉवर देणारच. बारा कमी झाले की ते करंट जास्त ओढतं, करंट वाढला की व्होल्टेज अजून पडतं. दमलेल्या बैलाला चाबूक!

आणि तो रेझिस्टर लावला असता तर? स्वस्तातल्या सप्लायमध्ये १२ आणि ५ व्होल्टची लाइन एकत्रच सांभाळली जाते. बारावर ओझं पडलं की बारा खाली जातात आणि पाच वर चढतात. माझ्याकडे पाचच्या जागी तेव्हा ५.१८ होते, मर्यादा ५.२५. बारा ४ टक्क्यांनी उचलले असते तर पाच ५.३९ वर गेले असते आणि हार्ड डिस्कवरचा प्रोजेक्ट पणाला लागला असता. हे सगळं हात शाबूत राहिला असता तर. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. ते त्या दोन कॅपॅसिटरांत साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. म्हणूनच झाकणावर न उघडण्याची सूचना असते. मी तो स्टिकर नखाने काढला होता.

उपाय साधा निघाला. जळका अ‍ॅडॉप्टर कचऱ्यात. त्याजागी दोन वेगळ्या केबलींवरून वीज घेणारा आणला. आणि प्रोसेसर परत ३.७ वर, १.२० व्होल्टवर. इथे एक हिशोब बघा. प्रोसेसरची पॉवर फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ८ टक्के वाढवण्यासाठी मी वीज ३७ टक्के जास्त जाळत होते! परत मोजलं: मोकळ्या कनेक्टरवर ११.६८, कार्डजवळ ११.५०. सिम्युलेशन रात्रभर चाललं. सबमिशन झालं, मैत्रिणी बोलायला लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांच्या दुकानात बसले, पहिल्यांदाच पूर्ण सुट्टी. तांब्याची तार मोजून कॉइल भरल्या. त्या पैशांतून कार्डासाठी स्वतःचा कनेक्टर असलेला चांगला एसएमपीएस घेतला. आता फुल लोडला १२.०५. ओव्हरक्लॉक परत करता येईल. केला नाही अजून.

ही झाली माझी गोष्ट. आता माझं मत, आणि ते स्टाफनेही वाचावं अशी इच्छा आहे.

हे प्रकरण कळल्यावर रेक्टर मॅडम म्हणाल्या, "डेस्कटॉपच बंद करते सगळ्यांचे." त्यांची काळजी मला कळते. पण बंदी आली की वस्तू जात नाहीत, त्या पलंगाखाली जातात. हीटिंग कॉइलवर बंदी आहे, आणि कॉइल किती आहेत हे मॅडम सोडून सगळ्यांना माहीत आहे. लपवलेली वस्तू कोणी तपासत नाही, तिचं तपकिरी प्लॅस्टिक कोणाला दिसत नाही.

त्यापेक्षा तीन गोष्टी करा. एक, हॉस्टेल ऑफिसात कॅरमसारखाच एक मल्टिमीटर ठेवा, सही करून मिळेल असा. बॅटरीच्या आणि कॉम्प्युटरच्या डीसीपुरताच, भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही. दोन, सॉकेटचं अर्थिंग वर्षातून एकदा तपासा. कॅबिनेटला हात लावला की आमच्याकडे मुंग्या यायच्या आणि आम्ही त्याला 'थंडीतलं स्टॅटिक' म्हणायचो! वायरमनकाकांनी सॉकेट उघडलं तर अर्थची तार सुटलेली. पाच मिनिटांचं काम होतं. तीन, महिन्यातून एक संध्याकाळ इलेक्ट्रिकल लॅब उघडी ठेवा. मुलामुलींनी आपापली बिघडलेली यंत्रं आणावीत आणि कुणीतरी जाणतं शेजारी उभं असावं.

आणि आपल्यासाठी एकच. काहीही कमी पडलं की लगेच वाढवायला जाऊ नका. व्होल्टेज असो, मार्क असोत, की झोप. आधी कुठं पडतंय ते हुडका.

हो, परवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'मोटर रिवाइंडिंग' लिहिलं. जागा थोडी कमी पडली, पण बसवलं.