न वाचता केलेल्या सह्यांचे राज्य

मंडईत पावशेर भेंडीही मोडून पाहिल्याशिवाय न घेणारा आमचा माणूस हिंजवडीत नोकरीच्या पहिल्याच दिवशी बारापानी गुप्तता करारावर डोळे मिटून सही ठोकतो! आपली जीभ, आपले कसब आणि पुढची कित्येक वर्षे त्याने लिहून दिलेली असतात, आणि विचारावे तर उत्तर तयार: ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळेच करतात.’ हा भोळेपणा नव्हे. ही शिकल्यासवरल्यांची लाचारी आहे.

धन्याची गुपिते चोरावीत असे आम्ही म्हणत नाही. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातला एक सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून जादा पगारासाठी प्रतिस्पर्ध्याकडे गेला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला अडवले, ते रास्तच झाले. पण तेथे कराराची मुदत चालू होती. नोकरी सुटल्यावरही ‘दोन वर्षे या धंद्यात पाऊल टाकणार नाही’ असे गुप्ततेच्या पांघरुणाखाली लिहून घेणे वेगळे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 अशा बंदीला रद्दबातल मानते. ‘पंचवीस लाख दंड’ या धमकीचेही तसेच: कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, लिहिलेला आकडा ही फार तर कमाल मर्यादा. हे कंपन्यांच्या वकिलांना पक्के ठाऊक असते. तरी ते लिहितात, कारण वाचणारा घाबरतो आणि घाबरलेला माणूस कोर्टाची पायरी चढत नाही.

याहून काळा प्रकार म्हणजे पाप झाकण्यासाठी केलेला करार. लैंगिक अत्याचारांसाठी कुप्रसिद्ध झालेला हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्या लंडनमधील सहायिकेने 1998 साली असा करार केला आणि तो मोडून ती उघडपणे बोलली 2017 मध्ये! आपल्याकडे गुन्हा दडपण्याचा करार कलम 23 खाली टिकत नाही. छळाची वा भ्रष्टाचाराची तक्रार करण्याचा हक्क कोणत्याही सहीने विकला जात नाही, हे प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लिहा.

आणि आमचे छोटे उद्योजक? भोसरीचा कारखानदार ड्रॉइंग आधी व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि करार मागून मागतो. मग मोठ्या कंपनीचा एकतर्फी मसुदा येतो: त्यांची माहिती गुप्त, याची मोकाट! व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही; विधी आयोगाने 2024 मध्ये मसुदा सुचवला, इतकेच. म्हणून करारातला शब्द न् शब्द मोलाचा. ‘सर्व माहिती’ असे मोघम लिहू देऊ नका. कोणती माहिती, कशासाठी, किती वर्षे, ते नेमके मांडा. आधीपासून ठाऊक असलेली, जगजाहीर आणि न्यायालयाने मागितलेली माहिती वगळून घ्या. बंधन दोन्ही बाजूंना हवे. तुमच्या शोधांची मालकी कोपऱ्यातल्या एका ओळीत गेली नाही ना, आणि दावा चालणार पुण्यात की दिल्लीत, हेही तपासा.

सरकारच्या कामगार खात्याने गुप्तता कराराचा नमुना सोप्या मराठीत जाहीर करावा आणि सहीपूर्वी किमान तीन दिवस वाचायला देणे मालकांवर बंधनकारक करावे, अशी आमची मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत तरुणांनो, मुदत मागा, खटकणारे कलम खोडायला सांगा, आणि दोन्ही सह्यांची प्रत हाती पडल्याशिवाय टेबलावरून उठू नका.