राग पट्टीवर नको

‘कागदी पट्टीचे निदान म्हणजे गरिबांची बोळवण’ हे गेल्या अंकातील पत्र मुळीच पटले नाही. मलेरियाच्या पट्टीला बोटातले थेंबभर रक्त पुरते. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, वीसेक मिनिटांत रेघ उमटते. श्योपूरकडच्या सहरिया आदिवासींच्या वस्तीवर आशाताई त्याच दिवशी औषध सुरू करू शकते. पट्टी शोधते ते फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचे एचआरपी-२ प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे पट्टी कधी चकवते, हे मान्य. पण खरा घोर उन्हाळ्याचा आहे. बहुतेक पट्ट्या ३० ते ४० अंशांपर्यंतच टिकतात. आमच्या ग्वाल्हेरचा पारा ४५ ओलांडतो आणि पट्टीवरची प्रतिपिंडे निकामी होऊ शकतात. पट्ट्यांची खोकी पत्र्याखाली ठेवू नयेत, ही मागणी पत्रलेखकांनी माझ्याबरोबर करावी.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर