पाणथळ कुणाची? राखणाऱ्याची!

साथींनो,

भीमा उगवते भीमाशंकरच्या रानात, घोड आंबेगावच्या डोंगरात. दोन्ही आपल्या मुलखातल्या. खाली शिरूर-दौंडच्या अंगाला त्या एक होतात आणि पुढं उजनीच्या फुगवट्यात पसरतात. कासुर्डीवरनं सोलापूरच्या सडकेनं गेलं की भिगवण लागतं. तिथं हिवाळ्यात रोहित उतरतात. उथळ पाणी, चिखल, त्यातले किडे-शेवाळ, म्हणून पाखरू येतं. तिथंच मासा वाढतो, तिथंच गुरं पाणी पितात.

सरकारी कागदावर ही पडीक जागा. मग वाळूवाला येतो, बोटीनं तळ उपसतो. मासा अंडी घालायचा तो उथळ काठच जातो. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून याच भीमेत येतं. मासा मरतो, पाखरू उठतं. आणि वन्यजीवांना धोका कुणाचा म्हणे? लाकूडफाटा आणणाऱ्या बाईचा! १९८५ ला भीमाशंकर अभयारण्य झालं, तेव्हापासून आपण हेच ऐकतोय.

डिंभ्याचं बघा. घोडेवर धरण झालं, आदिवासींची जमीन बुडाली. पण लोक गप बसले नाहीत. संघटना केली, सोसायटी काढली, जलाशयातली मासेमारी हातात घेतली. मासा टिकला तरच चूल पेटणार, हे ज्याला कळतं तोच पाणी राखतो. ठेकेदाराला एका हंगामाचं पडलेलं असतं.

कायदा काय म्हणतो? वनहक्क कायदा २००६, कलम ३ : वनजमिनीवरच्या पाण्यातले मासे, चराई हे सामूहिक हक्क आहेत. कलम ५ : वन्यजीव, जंगल, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ही कुणाची मेहरबानी नाही.

पण हक्क मागायचा तर आपलंही घर झाडायला पाहिजे. बारीक आसाचं जाळं टाकून पिलं उचलणारा, पाण्यात विषारी औषध सोडणारा आपल्यातलाच असतो. त्याला ग्रामसभेतच अडवा. नाहीतर उद्या त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना हाकलतील.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. गावच्या वनहद्दीतले डोह, पाणथळी, चराईच्या वाटा नकाशावर मांडून सामूहिक दावा दाखल करा. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवा. वाळूच्या उपशाला लेखी विरोध करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतनं उठू नका.

पाखराला हद्द नाही. वरचं रान राखलं तर खालचं पाणी राहील.

जल, जंगल, जमीन आमची! राखणार आम्ही!