विडालच्या चिठ्ठीत न मावणारा टायफॉइड

पुण्याजवळच्या चाकणमध्ये कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांत पावसाळ्यात औषधांच्या पिशवीत एक चिठ्ठी हमखास सापडते: ‘विडाल पॉझिटिव्ह’. मग सलाइन, गोळ्यांची पट्टी आणि आठवडाभराची बुडालेली हजेरी.

विडाल ही टायफॉइडची १८९६ सालची चाचणी. तिला रक्तातला जंतू दिसत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. ती जुन्या आजारातून किंवा भलत्याच जंतूमुळेही आलेली असू शकतात. तरी कितीतरी उपचार तिच्याच भरवशावर चालावेत, हे नवलच.

विडालला न दिसणाऱ्या त्या टायफॉइडच्या जंतूचा, म्हणजे साल्मोनेला टायफीचा, जनुकसंच २००१ मध्ये पूर्ण वाचला गेला: सुमारे ४८ लाख अक्षरं आणि त्यात दोनशेवर निकामी जनुकं. माणसाखेरीज कुठे बिऱ्हाड करायचंच नाही, तर जादा सामान कशाला? कामाची जनुकं मात्र शाबूत आहेत. काहींच्या बळावर जंतू आतड्याच्या पेशीत घुसतो, काहींमुळे त्याला गिळणाऱ्या पेशीतच तगून राहतो. काही जनुकं त्याच्यावर ‘व्हीआय’ नावाचं कवच चढवतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला तो चटकन ओळखू येत नाही. टायफॉइडची नवी लस नेमकं हेच कवच हेरते. त्याचा भाऊबंद पॅराटायफी ‘ए’ याच्याकडे मात्र ते कवचच नाही. ताप तसाच, लस निरुपयोगी.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ही लस सुमारे १ लाख १३ हजार मुलांना दिली. चाकणशेजारच्या पिंपरी-चिंचवडनेही ते करावं. पण आपल्याकडे कोणता जंतू फिरतो आणि किती, हे आधी कळायला हवं. देशव्यापी पाहणीत वेल्लोरला दर लाख मुलांमागे वर्षाला १,१७३ रुग्ण आढळले, तर पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात अवघे ३५. चाकण धड वढूसारखं गावही नाही आणि धड वेल्लोरसारखं शहरही नाही. शिवाय चाकण पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत नाही. कामगार ती हद्द रोज ओलांडतो. पिंपरी-चिंचवड शहरात २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, आणि नळ रिकामा राहिला की फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जाण्याचा धोका असतो.

जंतू नेमका ओळखण्याचं आणखी एक कारण आहे. पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. प्रतिकाराची जनुकं त्याने दुसऱ्या जंतूंकडून उसनी घेतली होती. असा पाहुणा ओळखायचा तर रक्तातला जंतू वाढवून पाहणारं कल्चर हवं, आणि तेही औषधाआधी. ते सरकारी खर्चाने व्हावं आणि सापडलेल्या जंतूंची जनुकंही वाचली जावीत. आज कल्चरची बाटली भरेपर्यंत रुग्णाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली अर्धी पट्टी संपवलेली असते.